सोडतीचा हिशेब

गणेशोत्सव जवळ आला की दिल्लीतील मराठी वसाहतींत वर्गणीच्या पावत्यांबरोबर सोडतीची तिकिटेही फिरू लागतात. गेल्या वर्षी अशी १०० तिकिटे विक्रीसाठी आमच्या वाट्यास आली. तिकिटाचा दर २० रुपये. पहिले बक्षीस शिलाईयंत्र. त्यांतली २५ तिकिटे आमच्या कचेरीतील शिपायाने एकदम घेतली. मुलीसाठी त्याला ते यंत्र हवे होते. ‘‘बाबूजी, पच्चीस में से एक तो निकलेगा ही,’’ असे तो म्हणाला. आम्ही ५०० रुपये मोजून घेतले आणि गप्प राहिलो.

त्या गप्प राहण्याचाच हा विचार आहे.

हिशेब अवघड नव्हता. एकूण तिकिटे १०००, यंत्र एक. २५ तिकिटे घेणाऱ्यास ते मिळण्याचा संभव चाळिसांत एक. न मिळण्याचा चाळिसांत एकोणचाळीस. सर्व बक्षिसांची किंमत मिळून ८००० रुपये आणि तिकिटांची विक्री २०,००० रुपयांची. म्हणजे २० रुपयांच्या तिकिटाचे खरे मोल ८ रुपये, उरलेले १२ रुपये देणगी. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने ती देणगी आनंदाने द्यावी. शिपायाला ते ठाऊक नव्हते, आम्हाला होते.

यावर कोणी म्हणेल की दैवावर हवाला ठेवणेच मुळात वाईट. आम्हाला तसे वाटत नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९७९ सालच्या घरयोजनेत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी नावे नोंदविली. घरे थोडी, मागणारे अफाट. तेव्हा कोणाची पाळी आधी, हे सोडतीने ठरले. कित्येकांना पुढे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली हे खरे. परंतु सर्वांचा हक्क सारखा असताना वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्यांना सांगावयास नको. तेव्हा दोष चिठ्ठीत नाही. एकाला हिशेब कळतो, दुसऱ्याला कळत नाही, आणि कळणारा त्या अज्ञानावर आपली पेटी भरतो, येथे दोष आहे.

महाभारतातील नलोपाख्यानात याचे मर्म आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला असता, वाटेत राजाने बेहड्याच्या झाडाची पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नळाने खाली उतरून मोजणी केली. ती बरोबर निघाली. मग राजाने त्याला फाशांचे रहस्य, अक्षहृदय, शिकविले. आणि ते कळताच नळाच्या देहात दडलेला कली बाहेर पडला. हिशेब कळणे म्हणजेच कली जाणे. ऋतुपर्णाला ही विद्या लपवून ठेवता आली असती. आपल्या सारथ्याला ती देण्यात त्याने कमीपणा मानला नाही. आम्ही मात्र आमच्या शिपायाला साधा भागाकार सांगितला नाही.

यंत्र दुसऱ्याच कोणाला मिळाले. शिपाई हसून म्हणाला, ‘‘अगली बार.’’ ते हसणे आम्हाला सोसवले नाही.

यंदा मंडळाच्या बैठकीत आम्ही सूचना मांडली की प्रत्येक तिकिटावर एकूण तिकिटांची व बक्षिसांची संख्या छापावी. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘‘अहो, असे छापल्यावर तिकीट घेणार कोण?’’ सभेत हशा पिकला आणि सूचना पुढील बैठकीवर गेली. परंतु आमच्या मते त्या प्रश्नातच निकाल आहे. खरे सांगितल्याने जी वस्तू विकली जात नाही, ती गणपतीच्या नावाने का होईना, विकावी काय?

तूर्त आमच्या वाट्याच्या तिकिटांमागे आम्ही ते दोन आकडे शाईने लिहून देतो. शंभरांपैकी ४१ तिकिटे परत करावी लागली. शिपायाने आकडे वाचून एकच तिकीट घेतले.