आपल्या वाट्याची माफी

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलीचे सहलीचे दोनशे रुपये हरवले. माझा संशय मागच्या बाकावरच्या एका मुलावर गेला. त्याचे कारण आठवले की आजही मान खाली जाते. तो गरीब होता आणि पूर्वी एकदा खोटे बोलताना सापडला होता. मी त्याला सर्वांसमोर उभे केले, दप्तर रिकामे करायला लावले. "मैंने नहीं लिए, टीचर," एवढेच तो म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी पैसे त्या मुलीच्याच भूगोलाच्या वहीत सापडले. मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात बोलावून म्हटले, "बेटा, मुझसे गलती हो गई." तो म्हणाला, "कोई बात नहीं, टीचर." मला हलके वाटले. विषय संपला, असे मी धरून चालले.

तो संपला नव्हता, हे मला एका ॲनिमेशनपटाने दाखवले. परीक्षा संपल्यावर आम्ही मुलांना 'मोआना' (2016) दाखवला. माउई नावाच्या वीराने ते फिती या देवीचे हृदय चोरलेले असते. ज्या आगीच्या राक्षसिणीला सगळे भितात, ती हृदय गेलेली ते फितीच आहे, हे शेवटी कळते. मोआना ते हृदय परत करते, मग आग विझते. माउई तिच्यापुढे उभा राहून चूक कबूल करतो. एक मुलगी म्हणाली, "टीचर, पहले चीज वापस की, फिर सॉरी बोला." मी तो क्रम उलटा ठेवला होता. खरे तर मी काहीच परत केले नव्हते.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. तौबेसाठी नदामत हवी, गुनाह सोडायला हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण गुनाह माणसाच्या हक्काचा असेल, हुकूकुल इबादचा असेल, तर आणखी एक अट येते. ज्याचे घेतले त्याला परत करा, किंवा त्याच्याकडून माफी मिळवा. शहीदाचे इतर गुनाह माफ होतात, पण कर्ज नाही, अशा आशयाची हदीस आहे. अल्लाहची रहमत अपार आहे, तरी शेजाऱ्याची थकबाकी तिच्या आडोशाने बुडवता येत नाही.

सगळेच चित्रपट इतके नेमके नसतात. 'द लायन किंग' (1994) मध्ये सिम्बा बापाच्या मृत्यूची लाज घेऊन पळतो. ती लाज खोटी असते, काका स्कारने त्याच्या माथी मारलेली. तिथे माफीची गरजच नसते, सत्य कळले की पुरते. मुलांना हा चित्रपट आवडतो, कारण त्यांच्यापैकी कित्येकांनी अशी लादलेली लाज वाहिलेली असते. तो चित्रपट आठवताना मी स्वतःला सिम्बाच्या जागी पाहत होते. माझ्या वर्गात मी स्कार होते.

'ब्रदर बेअर' (2003) अधिक अवघड वाट धरतो. केनाई भावाच्या मृत्यूचा सूड म्हणून अस्वलीण मारतो, मग स्वतःच अस्वल होतो आणि कोडा नावाच्या पिल्लाचा सोबती बनतो. मारली ती कोडाचीच आई, हे उमगल्यावर तो त्याला ते सांगतो. कोडा पळून जातो. ही जागा मला महत्त्वाची वाटते. सांगणारा मोकळा होतो, ऐकणारा मात्र त्याच क्षणी जखमी होतो. शेवटी माणूसपण परत मिळूनही केनाई कोडासाठी अस्वलच राहतो. त्याच्या नदामतीची किंमत तो आयुष्यभर भरणार असतो. हजरत हमजांना उहुदच्या लढाईत मारणारे वहशी पुढे इस्लाममध्ये आले. पैगंबरांनी त्यांना स्वीकारले, पण शक्य तर माझ्या नजरेसमोर येऊ नका, असेही सांगितले. माफी दिली म्हणजे जखम भरलीच पाहिजे, अशी सक्ती तिथेही नव्हती.

पिंपरी-चिंचवडहून चाकणकडे जाताना इंद्रायणी ओलांडावी लागते. तिच्याच काठी देहू आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्यांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असते. तिच्यातला एक तपशील मात्र आपण विसरतो. परंपरा सांगते की त्यांनी अर्धे कागद भाऊ कान्होबाला दिले आणि आपल्या वाट्याचेच बुडवले. ज्याचे येणे आहे त्यानेच ते सोडायचे. एवढ्या मोठ्या संतानेही भावाच्या वतीने माफी दिली नाही.

आम्ही शिक्षक मात्र रोज देतो. दोन मुले भांडली की "चलो, हाथ मिलाओ" म्हणून मोकळे होतो. ज्याला मार बसला त्याच्या वाट्याचे कागद आम्हीच पाण्यात टाकतो. आणि त्या मुलाचे "कोई बात नहीं"? शिक्षिकेला नाही म्हणण्याची सोय विद्यार्थ्याला असते कुठे? ती माफी मी माझ्या खुर्चीच्या जोरावर वसूल केली होती.

मी त्याची इज्जत चाळीस मुलांसमोर घेतली होती आणि व्हरांड्यात कुणी नसताना परत करायला गेले होते. निकालाच्या दिवशी सारा वर्ग हजर होता. मी फळ्यापुढे उभी राहून सांगितले की त्या दिवशी चोरी झालीच नव्हती, खोटा आरोप मी केला होता, आणि कुणाचेही दप्तर असे रिकामे करायला लावणे चूकच होते. बोलताना माझा आवाज कापत होता. वर्ग गप्प होता. त्याने एकदा वर पाहिले आणि पुन्हा हातातल्या प्रगतिपुस्तकाकडे नजर वळवली.

माफ केलेस का, हे मी त्याला विचारले नाही. ते कागद त्याच्या वाट्याचे आहेत.