यंत्रालाही कठडा हवा

घरामागे पत्र्याची शेड आणि भिंतीला अडकवलेली करवत, रंधा, वाकस, पटाशी, गुण्या. सुतारकाम करणाऱ्या घरातले हे दृश्य आपल्या हिंगोली जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. आता त्या शेडमध्ये विजेवरचा कटर, रंधा मशीन आणि राउटर येऊ लागले आहेत. जुने काढून मोठे यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पैशाचा वाटतो. आम्हांला तो नीतीचाही वाटतो. नवे यंत्र कोणाचे ओझे उतरवते आणि कोणावर नवे ओझे टाकते, हे घेण्यापूर्वी विचारायला हवे.

यंत्र घेणे हा काही दोष नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात सुतार हा थोरल्या ओळीचा बलुतेदार आहे. तो तिफण, वखर, गाडी करून देई आणि खळ्यावर आपला वाटा घेई. लोखंडी औते आणि ट्रॅक्टर आले तसे ते काम आटले. दारे-खिडक्या, पलंग करून संसार चालवणाऱ्याला आज नुसत्या हातरंध्यावर टिकून राहा असे सांगणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिलाई मशीनला अपवाद केले होते. पत्नीचे कष्ट हलके व्हावेत या प्रेमातून ते निर्माण झाले, असे ते मानत. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात तंत्रज्ञानाला माणसाचा सोबती म्हटले. मात्र माणूस यंत्राचा गुलाम झाला, तर तोच सोबती जवळजवळ वैरी बनतो, असा इशाराही त्यांनी दिला.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) एक छोटा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा; वरून कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत ज्यांनी उन्हाळ्याच्या रात्री वर अंथरूण टाकले आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. घर आपले, पैसा आपला. तरी तिथे वावरणाऱ्याच्या जिवाची जबाबदारीही आपलीच. हाच नियम शेडमधल्या यंत्राला लावून पाहू.

अनेक ठिकाणी हातातला कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवतात आणि बटण दाबलेलेच राहावे म्हणून ते बांधून टाकतात. पात्यावरचे झाकण कामात अडथळा म्हणून आधीच निघालेले असते. कापताना लाकडाची फट मिटली तर ते पात्याला चिमटते. मग पात्याचे मागचे दाते ते उचलून माणसाच्या अंगावर फेकतात आणि ढकलणारा हात पात्यावर जातो. पात्यामागे उभी पोलादी पट्टी असेल तर फट मिटत नाही. लहान तुकडा काठीने पुढे ढकलला तर बोटे दूर राहतात. बटण बांधलेले नसेल तर यंत्र वेळीच थांबवता येते. हा यंत्राचा कठडा.

दुसरा धोका धुळीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली. घरची शेड म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली जागा. तिथली धूळ घरातल्या लहानग्यांच्याही छातीत जाते. घरच्या धंद्यात मुलाने शाळा सुटल्यावर हात लावला तर कायद्याची हरकत नाही, परंतु धोक्याच्या कामावर त्याला उभे करता येत नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज ठेवले आहे. अशी संधी घ्यावीच. पण बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभू येशूने सांगितली आहे (लूक १४:२८). त्या अंदाजात झाकण, धूळ ओढणारा पंखा आणि पक्की वायरिंग धरलेली असावी. पैसे कमी पडले तर यंत्र एक पायरी लहान घ्यावे. कठडा वगळू नये.

कोणी म्हणेल, झाकण लावले की काम मंदावते आणि गिऱ्हाईक थांबत नाही. हे खरे आहे, आणि इथे प्रश्न सुताराकडून आपल्याकडे येतो. लग्नाच्या आदल्या दिवशी पलंग हवाच म्हणणारे, ठरलेल्या मजुरीतून शेवटचे पाचशे कापणारे आपणच असतो. ती घाई आणि ती काटकसर कोणाच्या तरी बोटांच्या जिवावर होते. कठड्याचा खर्च एकट्या सुताराने का सोसावा?

नासरेथच्या लोकांनी प्रभूला ‘सुतार’ म्हणून ओळखले (मार्क ६:३). १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा कामगार संत योसेफाचा दिवस ठरवला. १९९९ साली त्याच तारखेला आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. योसेफाच्या घरी काम शिकणारा एक मुलगा होता. आपल्या शेडमध्येही कोणाचा तरी मुलगा उभा असतो. नवे यंत्र जरूर आणू या, मात्र संध्याकाळी तो दहाही बोटांनी हात जोडू शकेल, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.