कारणाचा सांधा

कोकणातल्या हेदवी गावात भरतीची वेळ कोणाला विचारावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हिशेब करायचा नसेल, तर उमामहेश्वराच्या देवळापाशी जाऊन उभे राहावे. तिथल्या काळ्या कातळातल्या बामणघळीत लाट शिरते, अरुंद जागेत कोंडते आणि उंच उसळते. पाणी उसळू लागले की समजावे, भरती आली.

अशा गावात भरतीचे खोटे कारण चालत नाही. ऐकणाऱ्याला तिथी ठाऊक असते. त्यामुळे माणसे कारण देताना बहुधा खरी गोष्टच पुढे करतात. भरती खरोखरच असते. पाठ खरोखरच धरलेली असते. घरी पाहुणे आलेले असतात. तवसाळची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटलेली असते. खोटा असतो तो मधला सांधा. भरती होती हे खरे. आलो नाही हेही खरे. भरती होती म्हणून आलो नाही, एवढेच काय ते खरे नसते. ओहोटी असती, तरी आपण गेलो नसतो.

नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे. ही म्हण ऐकताना वाटते, अंगण सरळच असेल, लाकडे सुकीच असतील. पण कोकणात उतारावरचे अंगण वाकडे असतेच. पडवीत रचून ठेवलेली लाकडेही आषाढात ओल धरतात. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी येते आणि चूल नुसती धुमसते. ओल खरी असते. भात तिच्यामुळेच बिघडला का, हे मात्र रांधणाऱ्यालाच ठाऊक.

काळ बदलतो तशी कारणेही बदलतात. एके काळी जयगडची खाडी आड येत असे. आता माणसे गाड्यांसकट तवसाळहून पलीकडे उतरतात. मुंबईहून गावी यायचे तर वाट लांबची होती. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चिपळूण जवळ आले. मग तिकीट मिळेनासे झाले. गणपतीच्या दिवसांत ते खरोखरच मिळत नाही. फोन आले, त्यांच्याबरोबर ‘रेंज नव्हती’ आले. सोयी वाढल्या, पण कारणे काही कमी झाली नाहीत. बाहेरची अडचण सरली, तरी मनातली तिथेच राहते.

वैशाखातल्या एखाद्या सकाळी मुंबईचा मुलगा फोनवर सांगतो, ‘अगं, रजा मिळत नाहीये.’ आई म्हणते, ‘मग नकोच येऊस आत्ता. उष्मा फार आहे इथे, तुला सोसायचा नाही.’ फोन ठेवून ती आढीपाशी बसते. पेंढा बाजूला करून एकेक आंबा हाताने चाचपते. पिकलेले वेगळे काढते आणि शेजारी द्यायला टोपलीत ठेवते. रजेचे खरे आहे. उष्म्याचेही खरे आहे. एकाने आपले मन झाकले, दुसरीने त्याची अवघड वेळ निभावून नेली. सगळी कारणे एकाच तराजूत घालू नयेत.

आणि मुलाच्या मनात तरी काय असेल? कदाचित दर खेपेला आई थोडी अधिक थकलेली दिसते, आणि परत निघताना पाऊल उचलत नाही. हे त्याला फोनवर सांगता येत नाही. सबबीमागे दर वेळी आळस किंवा लबाडीच दडलेली असते, असे नाही. पुष्कळदा तिथे नुसते भ्यालेले मन असते.

म्हणून दुसऱ्याचे कारण फार उकरू नये. ते ऐकावे, आणि सांगणाऱ्याला वाट मोकळी ठेवावी. आपल्या कारणाशी मात्र थोडा वेळ थांबावे. त्याचा सांधा तपासायला बाहेरून कोणी येऊ शकत नाही. भरती गावाला कळते, मन आपले आपल्यालाच कळते. तपासायला एक साधा प्रश्न पुरतो. ही अडचण आज नसती, तर मी गेलो असतो का?

उत्तर कधी ‘नाही’ असे येईल. ते चारचौघांत सांगायलाच हवे असे नाही. पण ते स्वतःपासून लपवू नये. खरे कारण कळले की मग जायचे की नाही, हे ठरवता येते. आणि नाही जायचे असे ठरले, तरी ते आपण ठरवलेले असते.