पट्टी बदलल्यावर

संगीतशिक्षकाचं स्वतःचं गाणं एका दिवसात थांबत नाही. आधी रियाज पाऊण तासावर येतो, मग तंबोरा गवसणीतून फक्त गुरुपौर्णिमेला बाहेर निघतो. पुढे अशी वेळ येते की आठवडाभरात गळ्यातून जे काही निघालं ते सगळं कुणाच्या तरी परीक्षेचं होतं. भूप, दुर्गा, काफी, खमाज. त्याच बंदिशी, वहीत उतरवून दिलेले तेच आलाप, त्याच ताना. विद्यार्थी पास होतात, पालक पेढे आणतात, आणि शिक्षकाला मात्र मैफलीत पुढच्या रांगेत बसायचा संकोच वाटू लागतो. भोरमध्ये क्लास चालवणारे आणि वेल्ह्याकडच्या गावांत जाऊन शिकवणारे आमच्यासारखे जे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही अवस्था अनुभवली आहे. तिच्याबद्दल बोलत मात्र कुणी नाही.

याचं खापर परीक्षांवर फोडणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1896 साली मिरज सोडली, त्यामागे गुरूला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना, समाजात मिळणारी दुय्यम वागणूक होती, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवयाला संस्थानिकाच्या मर्जीवर जगावं लागू नये आणि गाणं शिकवणाऱ्याला मास्तरासारखी ताठ मान असावी, ही त्यामागची तळमळ होती. 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक ते अलंकार ही परीक्षांची शिडी त्या मंडळाची, आणि आज माझ्यासारख्याची चूल तिच्यावर चालते. आपलं इथलं भोरही 1948 पर्यंत संस्थानच होतं. राजवाड्याच्या आश्रयाविना तालुक्याच्या गावात संगीतशिक्षक जगू शकतो, ही पलुस्करांची कमाई आहे. तेव्हा अभ्यासक्रमाला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

पण एक गोष्ट खरी. ठरावीक बंदिशी आणि ठरावीक आलाप शिकवत राहिलं, की समोर कोण बसलंय याकडे लक्ष देण्याची गरज संपते. त्यात आता मोबाइल आला. कुठल्याही रागाची कुठल्याही उस्तादाची मैफल मुलाच्या हातात आहे. स्नेहसंमेलनाला ट्रॅक लावायचा आणि मुलांनी त्यावर ओठ हलवायचे, एवढ्यावर काम भागतं. शिक्षक मनातल्या मनात विचारतो, मग माझी गरज काय?

या प्रश्नाचं उत्तर मला पेटीच्या पट्टीत दिसतं. बहुतेक पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गातात आणि वर्गालाही तिथंच गायला लावतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींना हा षड्ज फार खाली पडतो. मंद्र पंचमाकडे जाताना आवाज विरतो, शब्द नुसते बोलल्यासारखे निघतात, आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या त्या चार मुलांवर ‘बेसूर’ असा शिक्का बसतो. षड्ज उचलून काळी चारवर ठेवा आणि त्याच चौघांना गायला लावा. पहिल्या दोन-तीन सरगमीतच त्यांचे गळे मोकळे होतात. मूल मान वर करतं, शेजारच्याकडे बघतं.

इकडे शिक्षकाचंही काहीतरी होतं. काळी एकमधल्या भूपात फक्त गंधार पांढरीवर येतो. काळी चारमध्ये गंधाराबरोबर धैवतही पांढरीवर उतरतो. बोटांची वर्षानुवर्षांची वाट मोडते. आपोआप निघणारी तान निघत नाही. प्रत्येक स्वर ऐकून, शोधून घ्यावा लागतो. गळाही वेगळ्या जागी लावावा लागतो. जो राग कंटाळवाणा झाला होता त्यातला धैवत अचानक नवा वाटतो. मुलासाठी केलेली सोय शिक्षकाला परत विद्यार्थी करते. हे काम मोबाइल करू शकत नाही. तो सूर वर-खाली करील, पण कुठलं मूल कुठल्या स्वरावर घाबरतंय हे त्याला ऐकू येणार नाही.

याच मुद्द्याचं मोठं रूप कुमार गंधर्वांच्या आयुष्यात आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणीच मैफली गाजवत होता. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांच्या शाळेत तो शिकला आणि ऐन तारुण्यात तिथंच शिकवूही लागला. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, पण एका घराण्याच्या कुंपणात न राहता मिळेल त्या गवयाकडून ऐकणारे, गोळा करणारे. क्षयाचं निदान झालं, 1948 च्या सुरुवातीला कुमारजी देवासला राहायला गेले, आणि गाण्याला डॉक्टरांची बंदी आली. पाचएक वर्षं अशी गेली. आपण ही गोष्ट सांगताना एका फुफ्फुसावर गाणाऱ्या गवयाचा चमत्कार सांगतो. मला त्याहून मोठं वाटतं ते अंथरुणावरचं ऐकणं. माळव्यातल्या बायका सणावारी, लग्नात, घरकामात जे गात होत्या, ते या माणसानं एखाद्या गुरूकडे बसावं तसं ऐकलं. त्या धुनांमध्ये रागांची बीजं त्यांना सापडली. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांचे धुनउगम राग त्यातून आले, आणि 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ छापून निघालं. विद्येची त्यांना कधीच कमतरता नव्हती. पाठ झालेलं सगळं बाजूला ठेवून, ज्यांना आपण गातो हेही ठाऊक नाही अशा माणसांचे कान आणि गळे त्यांनी उसने घेतले. त्यातून जी नवी हिंमत आली तिनं पुढचं सगळं गाणं घडवलं.

आपल्याला त्यासाठी माळव्यात जायची गरज नाही. नसरापूरहून मार्गासनीकडे वळलं की गुंजवणीच्या काठाकाठानं जी गावं लागतात, आणि तिथून राजगड-तोरण्याच्या पायथ्यापर्यंत जो मावळपट्टा आहे, तो गाण्यानं भरलेला आहे. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, लोकांच्या बोलण्यात तो अजून वेल्हेच. मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या डोंगराळ भागांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करता करता ऐंशीच्या दशकापासून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. संग्रह वाढत वाढत एक लाखाच्या वर गेला, गाणाऱ्या बाया तीन हजारांहून अधिक. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही केल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. ज्या घरातून माझ्याकडे मूल येतं, त्याच भागातल्या आज्या-पणज्यांचं हे गाणं. संगीताच्या एकाही परीक्षेला मी ते आलेलं पाहिलं नाही.

मुलांना सांगितलं की घरातलं एक गाणं ऐकून या, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “सर, आमच्यात कोण गात नाही.” घरी जाऊन विचारलं तर आजी म्हणते, “गुरुजी, हे काय गाणं हाय व्हय? दळता दळता म्हणायचो.” आणि मग म्हणते. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्याला हात, एकीनं मूठभर वैरण घालायची, एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती पुढे न्यायची. घरात जातं फिरत नसलं तरी हात हवेत फिरतो, कारण त्याच्याशिवाय लय सापडत नाही. सगळी चाल चार-पाच स्वरांत. आपल्याकडे ज्याला आलाप बसवणं म्हणतात तसं काही नाही, पण ओळ मध्येच तोडून, ‘बाई’ किंवा ‘गं’ घालून, पुन्हा मागून उचलण्याची जी तऱ्हा आहे ती ऐकताना ठुमरी गाणाऱ्यानं कान टवकारावेत. शिवाय प्रत्येकीची ओवी तिची स्वतःची. माहेर, भाऊ, कष्ट, पाऊस, जे मनात येईल ते त्या गळ्यावर चढतं. जी निर्मिती आम्ही विशारदनंतर करायची म्हणून पुढे ढकलतो ती या बाया पहाटेच्या दळणाबरोबर उरकत होत्या.

यात एक धोका आहे, आणि तो मला रोज समोर दिसतो. ओवीला कीबोर्डचे कॉर्ड लावायचे, मुलींना नऊवारी नेसवून हातात सूप द्यायचं आणि स्नेहसंमेलनात टाळ्या घ्यायच्या. असं केलं की पुन्हा तोच ट्रॅक, फक्त मातीचा वास लावलेला. मला हवं आहे ते वेगळं. मुलानं त्या चालीवर स्वतःची ओळ रचावी. भाताच्या आवणीची, एसटी चुकल्याची, धरणाखाली गेलेल्या आजोळाची. पहिल्या ओळी तोडक्यामोडक्या येतात. एका मुलीनं म्हशीवर केलेली ओवी मात्र अशी होती की वर्गानं ती चारदा म्हणवून घेतली. त्या दिवशी त्या मुलीला सुरांची भीती उरली नाही, आणि घरी आल्यावर मी कितीतरी दिवसांनी कुठल्याच परीक्षेत नसलेली बंदिश बांधायला बसलो.

एक पेच मात्र अजून सुटलेला नाही. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या म्हणून त्या वाचल्या, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मग या ओव्यांच्या चालीही लिहून ठेवायला हव्यात. पण मार्गासनीच्या पुढच्या एका आजींच्या चालीतला गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी आहे. पेटीवर तो मिळत नाही, वहीत कसा लिहावा कळत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, कोमल लिहा, जवळपास तोच आहे. मी अजून तरी लिहिलेला नाही. ती ओवी आली की पेटी बंद करतो आणि आजींचं ध्वनिमुद्रण लावतो. मुलं तो गंधार बरोबर घेतात. मला तो दहांत सहादा लागतो.