ऐब आणि रफू

जुन्या गाडीचा पत्रा तपासायचा असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, असे डेंटर लोक सांगतात. एक लोहचुंबक घ्यावे, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून मऊ फडक्यात गुंडाळावे आणि गाडीच्या अंगावरून सावकाश फिरवावे. खाली लोखंड असेल तर ते चिकटते. जाड पुट्टी असेल तर हातातून सुटते. रंग मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच चमकत असतो.

आमच्या घरच्या जीपवर हे चुंबक फिरले ते अब्बांच्या इंतकालानंतर अकरा वर्षांनी. तोवर ती परसात माडाच्या झावळ्यांखाली उभी होती. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. विलिस कंपनीने अमेरिकेत 1953 साली हा नमुना आणला आणि 1968 मध्ये बंद केला. आपल्याकडे महिंद्राने तो त्यानंतरही कित्येक वर्षे बनवला. (1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये इथे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. बॉनेटवरचे नाव घासून स्वच्छ करताना ही गोष्ट आम्हाला हटकून आठवे.)

अब्बांनी ती 1984 मध्ये जुनी म्हणूनच विकत घेतली होती. दापोली-हर्णै रस्त्यावर ती वडापला चाले. सकाळी हर्णै बंदरावरून मासळीच्या पाट्या, नंतर दिवसभर माणसे. पाट्यांतून ठिबकणारे खारे पाणी तळाच्या पत्र्यावर साचे. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरते. मिठाने तेच काम भराभर होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला उचलतो आणि वर फोड दिसतात. फोड दिसेपर्यंत खाली बरेच काही खाऊन झालेले असते.

आम्ही दोघे भाऊ. एक शाळामास्तर, दुसरा कुवेतमध्ये वीस वर्षे काढून कायमचा परत आलेला. जीप ठेवायची की विकायची हे ठरले नव्हते. आधी घरीच तिची डागडुजी करू, एवढेच ठरले. भाड्याने वेल्डिंग मशीन आणले, एक ग्राइंडर घेतला, आणि अब्बांचे जुने दोस्त असलेल्या एका डेंटर उस्तादांना विनंती केली की तुम्ही फक्त खुर्चीवर बसून सांगा, हात आमचे. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

मडगार्डवर चुंबक चिकटले. ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी चटई काढून फिरवले, तर हातभर जागेत कुठेच धरेना. ग्राइंडर लावला. करड्या पुट्टीचा बोटभर थर निघाला. त्याखाली जाळी, जाळीखाली डांबरात भिजवलेले गोणपाट. खरा पत्रा म्हणाल तर कडेला उरलेली तपकिरी झालर तेवढी. आम्ही संतापून म्हणालो, “ज्याने हे केलं त्याला खुदा पाहून घेईल.” उस्ताद बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, काम माझंच आहे.”

1984 मध्ये आधीच्या मालकाने गाडी त्यांच्याकडे आणली होती. विकायची आहे, उठून दिसली पाहिजे, एवढे सांगितले होते. नवा पत्रा घालायला ना पैसे दिले ना वेळ. उस्तादांचे वय तेव्हा पंचविशीच्या आतले, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये रोजावर. गाडी कोण घेणार हे त्यांना ठाऊक नव्हते. महिनाभराने अब्बा तीच जीप घेऊन हॉर्न दुरुस्त करायला आले. ओळख तिथून सुरू झाली.

ज्या दुरुस्तीचा हेतूच आपण दिसू नये हा आहे, ती दुरुस्ती की फसवणूक? हा सवाल आम्हाला आधी फार सोपा वाटला होता. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरसाहेबांनी (स.) आतला ओलावा उघड केला आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले, ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण ती विक्रेत्याला लागू. कारागिराचे काय?

त्याचेही उत्तर आहे, आणि ते पुट्टीला इतके चपखल बसते की आम्ही चकित झालो. इमाम गझालींनी (मृत्यू 1111) ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये कमाईच्या प्रकरणात एक प्रसंग नोंदवला आहे. इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू 855) यांना कोणीतरी विचारले, कापडाला असे रफू करावे का की ते कळूच नये? त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जो ते कापड विकणार त्याला रफू लपवणे नाजायज आहे. आणि रफू करणाऱ्याला ते काम तेव्हाच हलाल, जेव्हा त्याला माहीत असेल की मालक ते उघड सांगणार आहे, किंवा कापड विकायचेच नाही. रफू हा आपला मराठी शब्दही मूळ अरबीच. म्हणजे मी फक्त सुई चालवली, हा बचाव बगदादमध्येही मान्य झाला नव्हता.

उस्तादांना तर ‘विकायची आहे’ असे सांगूनच काम दिले होते. तेव्हा ते सुटत नाहीत. तरी आम्हाला वाटते की विकणारा आणि रोजावरचा पोरगा यांचा गुन्हा एका तराजूत घालता येणार नाही. दुसरे असे की सगळी पुट्टी सारखी नसते. मडगार्डवरचा पोचा काढून वर दोन-तीन मिलिमीटर भरली, तर ती सफाई झाली. त्याशिवाय कोणत्याही पत्र्याला सपाटी येत नाही. पण तळाच्या पत्र्यावर ड्रायव्हरची सीट बसते, आणि मागे आठ-दहा माणसे त्या ड्रायव्हरच्या भरवशावर असतात. तिथे जो ऐब झाकला, तो दिखाव्याचा नव्हता.

यावर उस्तादांनी जे दाखवले त्याने आमचा हिशेब पुन्हा विस्कटला. जॅकवर जीप चढवून त्यांनी आम्हाला खाली झोपायला लावले. तळाखाली, दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे, हाताने ठोकलेली एक जाड लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती आणि सीटचे बोल्ट तिच्यात घेतले होते. कंपनीच्या कामात असली पट्टी नसते. अब्बा गिऱ्हाईक झाल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्याआधी, सर्व्हिसिंगच्या निमित्ताने गाडी ठेवून घेऊन उस्तादांनी ती बसवली होती. पुढे दरवर्षी मे महिन्यात ते घरी येत, तळाला डांबर मारत, पैसे घेत नसत. अब्बा याला दोस्ती समजत आणि ईदला पहिला डबा त्यांच्याकडे पाठवत.

ही तौबा झाली का? लोकांचे हक्क लोकांनीच माफ करायचे असतात, आणि माफ करायला माणसाला आधी कळावे लागते. उस्तादांनी धोका दूर केला, नुकसान भरून दिले, पण अब्बांना सांगितले नाही. गुन्हा लपवून केला तशी भरपाईही लपवूनच केली. “सांगायला दरवर्षी यायचो,” ते म्हणाले, “पण तुमची अम्मी चहा ठेवायची.” आता ते आमच्याकडे माफी मागत होते. आमच्यापैकी एकाने तिथल्या तिथे त्यांचा हात धरला. दुसऱ्याचे म्हणणे असे की वारसांना जीप मिळते, पण बापाच्या विश्वासाचा निवाडा वारसांकडे येत नाही. यावर आमचे अजूनही एकमत नाही.

आणखी एक पेच आहे. मालाचा ऐब झाकणे गुनाह, पण माणसाचा ऐब झाकणे, परदापोशी, हा सवाब. आम्ही अम्मीला काही सांगितलेले नाही. इथे लिहिले ते नाव गाळून. हेही एक रफूच आहे, असे कोणी म्हणाले तर आमच्याकडे उत्तर एवढेच की उस्ताद विकायला काढलेले नाहीत.

काम दोन महिने चालले. सडका भाग कापून 18 गेजचा नवा पत्रा बसवला. उस्ताद सलग वेल्ड मारू देत नसत. उष्णतेने पत्रा वाकतो, म्हणून इथे एक टॅक, मग वीतभर सोडून दुसरा, थंड होऊ दे, मग मधला. जोड घासून झाल्यावर आम्ही सवयीने पुट्टी कालवू लागलो, तर त्यांनी हार्डनरची ट्यूब उचलून खिशात घातली. तळाला पुट्टी नाही. प्राइमर, रंग, आणि जोडाची रेघ दिसू द्या. पुराण्या इमारतींच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तिच्यातही म्हटले आहे की नवा भाग एकूण रचनेशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. उस्तादांनी व्हेनिसचे नावही ऐकलेले नाही.

रंगाच्या वेळी मुलांनी लष्करी हिरव्याचा हट्ट धरला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम तो रंग संरक्षण खात्याबाहेरच्या गाड्यांना देऊ देत नाही, आणि आमची जीप कधी युद्धावर गेलेली नव्हती. जुनाच निळा दिला.

शेवटी विकायचेच ठरले. घरात लग्न आले होते. पुण्याहून एक शौकीन गृहस्थ आले. बाहेरून फिरून खूश झाले, आकडाही चांगला बोलले. मग विचारले, “बॉडी ओरिजनल आहे ना?” उस्ताद ओट्यावर बसलेले होते. ते उठले आणि ड्रायव्हरच्या बाजूची चटई उचलली. गृहस्थांनी वाकून रेघ पाहिली, खालची पट्टीही पाहिली, आणि किंमत वीस हजारांनी उतरवली.

गाडी गेली. अम्मी आजही विचारते, कोणी मागितलं नसताना चटई उचलायची काय गरज होती?