परसांतील भाजी आणि डोईवरचा हंडा

नवा संसार मांडलेल्या घरांत एक गोड विचार बहुधा उठतो. घरामागें थोडी जागा पडून आहे. तींत आपण दोघें मिळून भाजी लावूं, लेकराला ताजें खावयास मिळेल, बाजाराचे चार पैसे वांचतील. हा विचार चांगला आहे, व तो मोडावा असा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु “दोघें मिळून” ह्या शब्दांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि बीं टोंकण्यापूर्वींच त्याचा विचार झाला पाहिजे. दोघांनीं आरंभिलेली बाग पुढेंही दोघांचीच राहते काय?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील घाटावरचें एखादें घर डोळ्यांपुढें आणा. नवरा-बायको दोघेंही सोयाबीन-कापसाच्या शेतांत रोजानें जातात. पदरीं दोन वर्षांचें मूल आहे. मृग लागतांच नवऱ्यानें परसांत दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा खणली, शेणखत मिसळलें, कुंपण घातलें. बायकोनें चवळी, दोडका, अंबाडी लाविली. मुलानें मूठभर बीं भलत्याच जागीं सांडलें, व तिघेंही हंसलीं. पावसाळाभर पाणी आभाळाचें होतें, म्हणून कोणाचीच कसोटी लागली नाहीं. पुढें दिवाळीच्या सुमारास मेथी-पालकाचे वाफे झाले, पाऊस गेला, आणि बागेला पाणी घालण्याची वेळ आली. कुदळ एकदां लागते. हंडा नित्य लागतो.

हा हंडा किती जड आहे हें मोजून पाहूं. हिवाळ्यांतही जमीन व पानें मिळून दिवसाला सुमारें ४ मिलिमीटर पाणी उडून जातें. एवढ्या वाफ्यास तें ३७ लिटर, म्हणजे पंधरा लिटरांचे अडीच हंडे होतात. उन्हाळ्यांत ह्याच्या दुप्पट धरावें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें माणशीं रोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण ठरविलें आहे. तें पूर्ण मिळालें तरी तिघांच्या वांट्यांतील पांचव्या भागाहून अधिक पाणी ही लहानशी बाग पिऊन टाकील. घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत, शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद ह्या बाजूस खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींचें खारें पाणी वरचेवर दिल्यास काळी जमीन घट्ट होते व घेवड्यासारखें नाजूक पीक करपतें. म्हणून तेथें बागेचें पाणीही पिण्याच्या गोड्या पाण्यांतूनच काढावें लागतें. हें सर्व पाणी कोणाच्या डोईवरून येतें, तें आपल्या गांवांत कोणास सांगावयास नको.

पवित्र शास्त्रांत एका भाजीच्या मळ्याची गोष्ट आहे. अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता, आणि राजाला तेथें भाजी लावावयाची होती. भाजीची इच्छा करणें हें पाप नव्हतें. दुसऱ्याच्या वांट्याचें घेऊन ती पुरविणें हें पाप झालें. आपण ही गोष्ट वाचतों व जुलमी राजाला दोष देतों. पण अहाबानें प्रथम मोबदला तरी देऊं केला होता. बायकोच्या विसाव्याची घटका आपण बागेसाठीं घेतों, तेव्हां तेवढें तरी विचारतों काय?

कोणी म्हणेल, “घरांत हिशेब कशाला? ती प्रीतीनें करते; प्रीति कांहीं वही ठेवीत नाहीं.” हा आक्षेप वजनदार आहे, व त्याला टाळून चालणार नाहीं. प्रीति वही ठेवीत नाहीं हें खरें. परंतु तें देणाऱ्याविषयीं खरें आहे. देणारा हिशेब ठेवूं लागला कीं त्याचें गाऱ्हाणें होतें. घेणारा हिशेब ठेवूं लागला कीं त्याची कृतज्ञता होते. देणाऱ्यानें विसरावें व घेणाऱ्यानें स्मरावें, हाच घराचा न्याय होय. आमच्या पुष्कळ घरांत ह्याच्या उलट चालतें: घेणारा निश्चिंत विसरतो, आणि देणारी मुकाट्यानें मोजीत बसते.

हाच न्याय ताटालाही लावावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ५४ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. जिनें मेथीला पाणी घातलें, तिच्या वांट्यास शेवटीं भांड्याचा तळच येत असेल, तर ती बाग कोणासाठीं लाविली? तिची वाटी आधीं भरावी व वर लिंबू पिळावें. त्यानें भाजींतील लोह अंगीं चांगलें लागतें.

आतां करावें काय? बागेचें माप जागेवरून न घेतां पाण्यावरून घ्यावें. पांच फूट लांब व पांच फूट रुंद वाफ्यास हिवाळ्यांत दिवसाला नऊ लिटर पुरतात. त्यांतील कांहीं धान्य व भाजी धुतलेल्या पाण्यांतून निघतात. राहिलेले नवऱ्यानें आपल्या हातानें आणावे. साबणाचें पाणी पालेभाजीवर न ओततां केळीच्या बुडाशीं सोडावें. वाफ्यावर सोयाबीनचें कुटार अंथरलें तर ओल टिकते व खेप वांचते. काय पेरावें हें ठरवितांना घरधनिणीचा शब्द प्रथम ऐकावा. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं भाज्यांचीं व धान्यांचीं देशी बियाणीं राखलीं, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. शाळेंत न गेलेल्या ह्या बाईंच्या बियाण्याच्या ज्ञानास सरकारनें मान दिला. तोच मान आपल्या चुलीपाशीं द्यावयास उशीर कां व्हावा?

आणि लेकराला भाजी खाऊं घालणें एवढेंच बागेचें काम नाहीं. बाप पाण्याची खेप आणतो व आई क्षणभर ओट्यावर बसते, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तर तें बीं पुढें त्याच्या संसारांत उगवेल. उपदेशक बंधूंसही एक विनंति आहे. कोणाच्या घरीं गेलां व हिरवें परस दिसलें, तर बाग कोणीं लाविली हें विचारून थांबूं नका; आज सकाळचें पाणी कोणीं आणलें, तेंही विचारा.