बिनपडद्यांचा बेस

पडदे नसलेला बेस गिटार हाती घेणाऱ्याला पहिली धास्ती असते बेसूर होण्याची. ती धास्ती रियाजानं जाते. त्यापेक्षा अवघड गोष्ट पुढे येते: सूर नेमका लागतो, पण वाद्य गात नाही, नुसतं धप्प वाजतं. अशा वेळी लोक पिकअप बदलतात, नाहीतर महागड्या तारा आणतात. मला वाटतं, आधी मानेकडे पाहावं.

पडदे असतात तेव्हा तार धातूच्या पडद्यावर टेकते आणि तिथून थेट मोकळी होते. इथे ती बोटाखाली लाकडावरच टेकते आणि पुढे इतकी हळूहळू वर उठते की थरथरताना लाकडाला ओझरती लागत राहते. त्या लागण्यातून वरचे स्वरांश जागे होतात. तार छेडताच स्वर पुरता येत नाही, क्षणभरानं फुलतो. वादक या फुलण्याला ‘म्वॉ’ म्हणतात. तानपुऱ्याची जवारी याच तत्त्वावर चालते. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून जो उतार देतात, त्यावरच तार किती लागावी हे ठरतं. बेसवर हे काम अख्खा फिंगरबोर्ड करतो, म्हणून त्याचा बाक इतका महत्त्वाचा.

तो बाक पाहण्यासाठी तारा सुरात लावून घ्याव्यात. मग एक तार पहिल्या पडद्याच्या जागी आणि फिंगरबोर्डच्या शेवटी, अशी दोन्हीकडे दाबून धरावी आणि मधली फट पाहावी. साधा कागद जेमतेम सरकला, म्हणजे साधारण 0.1 मिलिमीटर, की पुरे. फट जास्त असेल तर तार लाकडापासून लांब राहते आणि म्वॉ हरवतो. मान उलटी वाकली असेल तर खालचे स्वर गुदमरतात. हा बाक मानेतल्या ट्रस रॉडनं बदलतो, पण तो एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. लाकडाला नव्या ताणात बसायला वेळ लागतो, तो द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात मान हमखास जागची हलते, तेव्हा हे सगळं पुन्हा तपासावं.

नटच्या खाचा इथे जवळजवळ लाकडाला टेकेपर्यंत खोल चालतात, कारण वाटेत पडदाच नाही. पण कानस चालवताना घाई नको. खाच जास्त खोल गेली की नटच बदलावा लागतो. शेवटी ब्रिजवरची सॅडल्स. तार खडखडेपर्यंत खाली आणावी, मग किंचित वर. गाणं आणि खडखडाट यांच्यामधली जागा फार अरुंद असते. तिथे मोजपट्टी बाजूला ठेवून कानाचंच ऐकावं.

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या जॅको पास्टोरियसनं ही जागा जगाला ऐकवली. त्याचा बेस 1962 चा फेंडर जॅझ बेस होता, पडदे काढलेला. त्यावर तो राउंडवाउंड तारा लावायचा. या तारांची खरबरीत वीण लाकूड खाते. म्हणून त्यानं फिंगरबोर्डवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर चढवला. लाकूड वाचलं आणि पृष्ठभाग टणक झाल्यानं आवाजही उजळला. ‘वेदर रिपोर्ट’च्या 1977 च्या ‘हेवी वेदर’मध्ये ‘अ रिमार्क यू मेड’ ऐकावं: बेस तिथे सॅक्सोफोनच्या बरोबरीनं गातो. थर न चढवलेल्या शिसवी फिंगरबोर्डवर मात्र मी फ्लॅटवाउंड तारांचीच शिफारस करीन. आवाज थोडा गडद होतो, पण लाकूड वर्षानुवर्षं टिकतं.

एवढं झालं की उरतो तो हात. बोटाचं टोक पडद्याच्या रेषेवरच यायला हवं, तिच्या मागे नाही, कारण इथे बोटच पडदा असतं. उजवा हात ब्रिजच्या जवळ, मागच्या पिकअपपाशी न्यावा आणि आवाजातही तोच पिकअप पुढे ठेवावा, म्हणजे स्वराला धार येते. कंप द्यायचा तर तार आडवी ओढू नये. चेलोवादकासारखं बोट तारेच्या लांबीतच मागेपुढे झुलवावं. तेही तार छेडल्याबरोबर नको. आधी स्वर सरळ उभा राहू द्यावा, आणि तो फुलू लागला की कंप द्यावा.